रचनाच्या नावाचा रिपोर्ट

टोइंगच्या ट्रकवर लादून ती पांढरी गाडी फाटकातून आत आली, तेव्हा रचना ओव्हाळ जेवणाचा डबा धूत होती. घोडबंदर रोडवरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये बावीस मेकॅनिक, आणि त्यांत बाई एकटी रचना. हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी उघडायची परवानगीही एकट्या तिलाच होती. त्यासाठी कंपनीची वेगळी परीक्षा असते, आणि अख्ख्या सेंटरमधून तीच ती पास झालेली. अशी गाडी आली की वर्कशॉपमध्ये एकच हाक जायची, "रचनाला बोलवा रे."

त्या दिवशी हाक मारायची वेळ आली नाही. ट्रकमागून एक रिक्षा आली आणि तिच्यातून हेमाबाई उतरल्या.

रचना ओल्या हातांनीच पुढे धावली. हेमाबाईंनी तिला आंबिवलीच्या शाळेत गणित शिकवलं होतं. दहावीनंतर आयटीआयला जायचं म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा याच बाई तिच्या आईसमोर येऊन बसल्या होत्या आणि फॉर्मवर सही घेऊनच उठल्या होत्या.

"बाई, तुम्ही इथे? ही गाडी कोणाची?"

"माझी." हेमाबाईंचा आवाज कोरडा होता. "मे महिन्यात घेतली. वापरलेली, डोंबिवलीतल्या एका दुकानातून. आज भाऊंना घेऊन ठाण्याला निघाले होते, डायलिसिसला. शीळफाट्याच्या पुलावर मधोमध बंद पडली. आधी सगळे लाल दिवे लागले, मग काहीच नाही. एसीही बंद. मागून ट्रकवाले शिव्या देतायत आणि हे घामाने भिजून बसलेत. तास गेला. शेवटी एका पोलिसाने त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं."

भाऊ म्हणजे बाईंचे यजमान. वय पंचाहत्तरच्या पुढे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

"आता कसे आहेत?"

"दवाखान्यात आहेत. बरे आहेत." बाईंनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. "सगळ्यांनी सांगितलं होतं, वापरलेली हायब्रिड घेऊ नका म्हणून. पण या गाडीला गिअरचे धक्के नाहीत. ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद होऊन बॅटरीवर चालते, आवाज नाही की थरथर नाही. ह्यांना तेच सोसत नाही ना. आणि मग त्या दुकानदाराने हे दाखवलं. यावर तुझं नाव पाहिलं, आणि मी पुढे कोणालाही काही विचारलं नाही. म्हटलं, पेढे घेऊनच तुला सांगायला यावं."

तो सर्व्हिस सेंटरचाच छापील कागद होता, हायब्रिड बॅटरीच्या तपासणीचा रिपोर्ट. बॅटरी उत्तम, इन्सुलेशन उत्तम, पाण्याने नुकसान नाही. खाली तपासणाऱ्याचं नाव, रचना ओव्हाळ. तिच्या सर्टिफिकेटचा नंबर. तारीख चौदा एप्रिल.

रचनाने कागद दोनदा वाचला. "बाई, ही गाडी मी आज पहिल्यांदा बघतेय."

हेमाबाईंनी फक्त तिच्याकडे पाहिलं. फळ्यापाशी उभं राहून चुकीचं उत्तर सांगणाऱ्या मुलीकडे त्या अशाच बघायच्या, तिचं तिला कळेपर्यंत.

रचनाने गाडी आत घेतली. आधी डिकीतली छोटी बॅटरी सोडवली. जाड रबरी हातमोजे चढवून मोठ्या बॅटरीचा नारिंगी प्लग ओढून काढला आणि दहा मिनिटं नुसती उभी राहिली. प्लग काढला तरी आतला करंट उतरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो, नाहीतर पावणेदोनशे व्होल्ट माणसाला दुसरी संधी देत नाहीत. ही सवय तिला शिवराम सरांनी लावलेली. पहिल्या वर्षी ते घड्याळ हातात धरून तिच्या शेजारी उभे राहायचे. मिनिटभर आधी हात पुढे गेला तर म्हणायचे, "काय गो, घरी कोन वाट बघत नाय का तुझी?"

शिवराम सर सेंटरचे फोरमन. शीळफाट्याजवळच्या गावातले, पन्नाशी उलटलेले. वीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवून इथे आलेले. रचना नवी असताना पोरं तिला मुद्दाम पंक्चरची कामं द्यायची. सरांनी एकदा सगळ्यांसमोर तिच्या हातात इंजिन दिलं आणि स्वतः बाजूला स्टूल टाकून बसले. त्यानंतर कोणी हसलं नाही. हायब्रिडच्या परीक्षेचा फॉर्मही त्यांनीच तिला आणून दिलेला. वडील गेल्यापासून तिला कोणी "जेवलीस का" असं रोज विचारलं असेल, तर त्यांनीच.

दहा मिनिटं झाली. तिने मागची सीट उचलली. सीटच्या कडेला हवेची जाळी असते. बॅटरी थंड ठेवणारा पंखा तिथून हवा ओढतो. तिने जाळी काढली आणि आत बोट फिरवलं. बोटाला बारीक, पिवळट चिखल लागला, वाळून पीठ झालेला. मग बॅटरीचं झाकण उघडलं. सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता. मीटर लावला, तर इन्सुलेशन पार बसलेलं.

"बाई, इकडे या," ती म्हणाली. "हात नका लावू, फक्त बघा. ही गाडी पाण्यात बुडालेली आहे. नुसती चाकं नाही, सीटपर्यंत. गेल्या वर्षी जुलैत बेसमेंटच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं, त्यातली असेल. वरून धुतली, सीटची कव्हरं बदलली, आणि आतलं तसंच ठेवलं. दमट हवेत हे हळूहळू सडत गेलं. आज गाडीला कळलं की करंट गळतोय, म्हणून तिने स्वतःच सगळं बंद केलं. बंद केलं नसतं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

"म्हणजे हा रिपोर्ट ज्याने लिहिला, त्याने हे झाकण उघडलंच नव्हतं?"

"नाही उघडलं."

"आणि नाव तुझं आहे."

"हो बाई."

हेमाबाई दवाखान्याकडे निघून गेल्या. जाताना "येते" म्हणाल्या नाहीत.

रचनाला आधी ऑफिसातल्या पोरांचा संशय आला. कोणीतरी कॉम्प्युटर उघडा पाहून तिच्या नावाने रिपोर्ट काढला असेल. डोंबिवलीच्या त्या दुकानदाराने कोणाला तरी गाठलं असेल. ती या विचारात असतानाच शिवराम सर आले. उघड्या बॅटरीकडे त्यांनी लांबूनच पाहिलं.

"उंदीर असतील," ते म्हणाले. "उंदरांनी वायर कुरतडली, असं लिही. वॉरंटीची भानगड नको."

"सर, तुम्ही आत बघितलंच नाही अजून."

"अगं, बघायचं काय त्यात? जुनी गाडी."

इतकंच बोलून ते वळले. पण रचना त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. बारीक आवाज आला तरी इंजिनाला कान लावून पाच मिनिटं उभा राहणारा हा माणूस. उघडून बघितल्याशिवाय त्याने आजवर एका गाडीबद्दल शब्द काढला नव्हता.

ती सरळ ऑफिसात गेली आणि कॉम्प्युटरवर जुनी नोंद काढली. चौदा एप्रिल, सकाळी अकरा वीस. रिपोर्ट तिच्याच लॉगिनने, पण फोरमनच्या केबिनमधल्या मशीनवरून निघाला होता. लॉगिनचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता. ती नवी असताना सरांनीच तो बसवून दिला होता, आणि तो बदलावा असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी ती कामावर नव्हती. जयंतीची सुट्टी घेऊन ती कल्याणला आईबरोबर मिरवणुकीत होती. अकरा वाजता सरांचा फोनही आलेला. "जय भीम गो पोरी, माझ्याकडून आईला पण सांग," असं म्हणालेले. म्हणजे फोन ठेवला आणि वीस मिनिटांत तिच्या नावाने खोटं लिहिलं.

ती केबिनमध्ये गेली तेव्हा सर चहा पीत होते. तिने कागद टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही केलंत."

त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. कप खाली ठेवला. "दार लाव."

"दार राहू दे उघडं. का केलंत?"

"देवेशचं दुकान आहे ते," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या बहिणीचा मुलगा. नवीन धंदा टाकलेला. बोलला, मामा, एवढी एक गाडी काढून द्या. मी चालवून बघितलेली, चांगली चालत होती. बॅटरीचा कागद माझ्या सहीने चालत नाय. त्या परीक्षेला मी दोनदा बसलेलो, तुला म्हाईत नाय. दोन्ही वेळेला नापास. मग कोनाचं नाव टाकू?"

"मला विचारायचं."

"तू नाय बोलली असतीस."

"म्हणजे मी नाही म्हणणार हे माहीत होतं, म्हणून मी नसताना केलंत."

सरांनी कप पुन्हा उचलला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, तुझ्या नावाला मार्केटमध्ये वजन आहे. लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात."

"ठेवला ना, सर. माझ्या बाईंनी ठेवला. त्यांच्या नवऱ्याला त्या पुलावर काही झालं असतं, तर पोलीस माझ्या दारात आले असते. तुमच्या नाही."

"काय झालं तर नाय ना? मी देवेशला सांगतो, गाडी बदलून देईल. तू फक्त उंदीर लिही आणि सोडून दे. माझी चार वर्षं राह्यलीत गो रिटायर व्हायला."

रचनाने टेबलावरचा कागद उचलला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. समोरचा माणूस तोच होता, तोच निळा शर्ट, तेच तेलाने काळे झालेले नखांचे कोपरे, आणि तरी त्याला आता काय म्हणून हाक मारायची हे तिला सुचेना.

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद सर्व्हिस मॅनेजर ऋजुता मॅडमना दाखवला, आणि त्यांनी दोघांना बोलावलं. रचनाला वाटलं होतं, सर निदान इथे तरी खरं बोलतील. एकांतात माणूस घाबरतो, चौघांत सावरतो.

"शिवराम, हा रिपोर्ट कसा काय निघाला?" मॅडमनी विचारलं.

"लॉगिन तिचं आहे, मॅडम," सर म्हणाले. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले. "घाईत केला असेल तिने. चांगली पोरगी आहे. एक चूक माफ करा."

एक चूक माफ करा! रचनाला तेच सगळ्यात जास्त लागलं. खोटं नाव लिहिताना ती समोर नव्हती. आता ती हातभर अंतरावर बसली होती, आणि सर तिच्यावर आळ घालून वर तिच्यासाठी रदबदली करत होते.

"मॅडम, चौदा एप्रिलची माझी हजेरी काढा," ती म्हणाली. "अंगठ्याचं मशीन आहे. मी त्या दिवशी आलेलेच नाही. आणि रिपोर्ट कुठल्या मशीनवरून निघाला, तेही काढा."

मॅडमनी दोन्ही काढलं. मग त्यांनी सरांना बाहेर जायला सांगितलं आणि रचनाला म्हणाल्या, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण हे बाहेर गेलं तर सेंटरचं नाव जाईल. त्या बाईंना दुसरी गाडी मिळेल, ते मी बघते. तू लेखी काही देऊ नकोस. प्लीज."

"मॅडम, लेखी कागदावर माझंच नाव आहे," रचना म्हणाली. "ते खोडायचं तर लेखीच खोडावं लागेल."

त्या दुपारी तिने नवा रिपोर्ट लिहिला. गाडी पाण्यात बुडालेली, चिखल कुठे सापडला, तांब्याच्या पट्ट्यांची अवस्था काय, मीटरचा आकडा किती. शेवटी एक ओळ टाकली, की चौदा एप्रिलची तपासणी तिने केलेली नाही. खाली सही केली, फोटो जोडले आणि एक प्रत हेमाबाईंच्या हातात नेऊन दिली.

त्या कागदाच्या जोरावर हेमाबाईंनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. देवेशने महिन्याभरात गाडी परत घेतली. शिवराम सरांवर कारवाई अशी झालीच नाही. "स्वतःच्या विनंतीवरून" त्यांची कल्याणच्या शाखेत बदली झाली. जायच्या दिवशी सेंटरमध्ये समोसे आले, हार आला, पोरांनी भाषणं केली. कोणीतरी म्हणालं, सरांच्या लाडक्या शिष्येने हार घालायला हवा. रचना आत एका इंजिनावर काम करत होती. तिने मान वर केली नाही. सर निघताना तिच्या मागे क्षणभर थांबले असावेत, तिला चाहूल लागली. "जेवलीस का?" ते म्हणाले. तिने पाना फिरवणं चालू ठेवलं. थोड्या वेळाने पावलं निघून गेली.

पोरांचं वागणं त्यानंतर बदललं. तोंडावर कोणी काही बोलत नसे, पण ती आली की गप्पा थांबत. इतक्या जुन्या माणसाला हिने घालवलं, असंच त्यांना वाटत होतं.

पुढच्या रविवारी ती आंबिवलीला हेमाबाईंकडे गेली. भाऊ पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी तिला हसून जवळ बोलावलं. "कॅब बरी पडते आता," म्हणाले. "ड्रायव्हर गप्पा मारतो."

बाईंनी पोहे आणले. तिच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "रचना, तुला एक सांगते. त्या पुलावर उभी असताना मी तुला शिव्या घातल्या. आणि तू नवा कागद आणून देईपर्यंत मला वाटत होतं, की तूच केलंस. तुला इतकी वर्षं ओळखून. त्याची मला लाज वाटते."

"नाव माझंच होतं ना बाई. तुम्ही तरी काय करणार?"

"तसं नाही. मी विचारायला हवं होतं. आणि तू? ज्याने तुझं नाव वापरलं, तो माणूस तुला कसा वाटायचा?"

रचनाने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मला वाटायचं बाई," ती म्हणाली, "की बाबा असते तर असेच असते."

आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती रडली. हेमाबाईंनी तिला थांबवलं नाही. भाऊंनी हात लांब करून टीव्हीचा आवाज बंद केला.