दुखायचं थांबलं तेव्हा

"हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

शिलाई मशीनच्या मागून एवढं ऐकू आलं की वहिनीला हायसं वाटायचं. नणंद कुरकुरतेय म्हणजे ठीक आहे, असा तिचा साधा हिशोब. डॉक्टर नाडी बघतात, वहिनी कुरकुर बघायची.

नणंदेला घरात सगळेच ताई म्हणत. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम. साथ आल्यापासून नवे कपडे शिवायला कुणी येत नव्हतं. ताई दिवसभर मास्क शिवायची आणि खिडकीतून विकायची. गिऱ्हाईक कधीही टपकतं म्हणून स्वतःचाही मास्क ती घरात काढत नसे. "बरंच आहे," ती म्हणायची, "भावाला माझं तोंड बघावं लागत नाही."

त्याच तोंडातली खालची दाढ काही दिवसांपासून ठणकत होती. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्याला कुलूप होतं. दारावर कागद डकवलेला, फक्त तातडीचे रुग्ण, आधी फोन करा. तो वाचून वहिनीचा नवरा परत आला होता. "दाढ दुखणं म्हणजे काय तातडीचं नाही. लोक तिकडे श्वासाला मोताद झालेत आणि आपण दात घेऊन जायचं? लाज वाटेल." मग मिठाच्या गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. ताई रात्रभर येरझाऱ्या घालायची आणि सकाळी चहाला नावं ठेवायची.

'तिकडे' म्हणजे हॉस्पिटल. सासूबाई याच साथीत तिकडे गेल्या. स्ट्रेचरवर गेल्या आणि फोनवरून गेल्याचं कळलं. तेव्हापासून तो शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. थर्मामीटरसुद्धा कपाटात जुन्या चादरींच्या मागे गेला होता. ताप मोजलाच नाही तर तो असतोच कशाला, अशी सगळ्यांनी न बोलता समजूत करून घेतली होती.

मग एका सकाळी वहिनीने चहा ठेवला आणि आवाज आला नाही.

"थांबलं का गं दुखायचं?" नवऱ्याने विचारलं.

ताईने मान हलवली. थांबलं होतं.

"बघ. म्हटलं नव्हतं?" दाढ आपणच उपटल्यासारखा तो खूश झाला. वहिनीलाही वाटलं, सुटलो. रात्रीच्या जागरणांनी ती इतकी शिणली होती की आनंद करायलाही अंगात त्राण नव्हतं. ती तशीच केर काढायला लागली.

मशीनपाशी वाकली तेव्हा टाचण्या दिसल्या. वाटीत होत्या. ताईच्या टाचण्या वाटीत कधीच नसायच्या. शिवताना मास्क खाली ओढून ती त्या ओठांत धरायची आणि तशीच बडबडायची, गिळशील म्हणून सासूबाई जन्मभर ओरडल्या तरी. वहिनी केरसुणी धरून बघत राहिली. शिवण संपली. दोरा दाताने तोडायचा सोडून ताईने कात्री शोधली. मग मांडीवरचं फडकं मास्कच्या खाली नेऊन तोंड टिपलं. फडकं चिंब होतं.

"ताई, मास्क काढा बरं जरा."

ताईने हाताने झटकलं. वहिनीने पहिल्यांदाच नणंदेचं ऐकलं नाही. कानामागची नाडी स्वतः सोडवली.

गाल सुजला होता, ते ठाऊकच होतं. पण सूज आता गालावर राहिली नव्हती. हनुवटीखाली उतरून गळ्यापर्यंत पसरली होती. वहिनीने बोट लावलं, तर कणकेसारखी मऊ नव्हे, फळीसारखी कडक. आणि अंग तापलेलं.

तिने दवाखान्याला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. दाताच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज दमलेला होता. हेच प्रश्न त्या दिवसभर विचारत असाव्यात.

"सूज हनुवटीखाली आहे? तोंड किती उघडतं? दोन बोटं एकावर एक मावतात का बघा."

एकही मावलं नाही.

"थुंकी गिळता येते?"

वहिनीने फडक्याकडे पाहिलं. "नाही. बाहेर येतेय."

"ताप?"

वहिनी उठली, चादरी ओढून थर्मामीटर काढला आणि ताईच्या काखेत लावला. ताप होता, चांगलाच होता.

"पण बाई, दुखायचं तर थांबलंय," नवरा फोनकडे वाकून म्हणाला.

"आतली नस मेली की दुखणं थांबतं हो, पू थांबत नाही. तो आता मानेकडे उतरतोय. सूज अशीच वाढली तर श्वासाची वाट बंद होईल. माझ्याकडे आणू नका, मला इथं काही करता येणार नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, आत्ताच्या आत्ता. आडवं झोपवू नका, बसवूनच न्या."

फोन बंद झाला. नवरा खिडकी लावून आला, जणू बाहेर कुणी ऐकत होतं.

"ताप बघितला की तिला साथीच्या वॉर्डात टाकतील," तो हळू आवाजात म्हणाला. "आपल्याला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. आपण गोळ्या बदलून बघू. मेडिकलवाला ओळखीचा आहे."

"नको," ताई म्हणाली. गरम घास तोंडात असल्यासारखा शब्द आला, जाड आणि ओला. "तिकडे नको."

"ऐकलंस?" नवरा वहिनीला म्हणाला. "तिलाच नकोय. तिकडे नेलेलं माणूस परत येत नाही. आईचं बघितलंस ना तू?"

वहिनीने ताईच्या चपला आणून तिच्या पायांपुढे ठेवल्या. सासूबद्दल सुनेने बोलायचं नसतं, निदान या दोघांसमोर तरी नाही, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगायची गरज पडली नव्हती. तिला बसावंसं वाटत होतं. ती उभीच राहिली.

"बघितलं," ती म्हणाली. "आई तिकडे गेल्या म्हणून गेल्या नाहीत. त्यांना धाप लागली होती आणि आपण तिघं त्यांना घरात घेऊन बसलो होतो, म्हणून गेल्या."