दरेकशाची गिट्टी

'बरोबर आहे' एवढंच म्हटलं, की भूमेश्वरीला बरंच मिळणार होतं. मोबाईलच्या खेळात पहिल्याच पडद्यावर नाव, चुलतभाऊ खुमेंद्रच्या गोंदियातल्या ऑफिसात कायमची खुर्ची, आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे चिचगडला बाप गुलाबचंद जेवताना विचारायचा तो प्रश्न बंद: एमएस्सी करून दगडच ओळखाचे होते, तर बांधावरचे काय वाईट होते?

खेळ होता दरेकशाच्या डोंगरात खजिना खणण्याचा. 'भूवैज्ञानिकाने तपासलेला' असं लिहिलं की नागपूरचा घेणारा भाव वाढवून देईल, हे खुमेंद्रने आधीच ताडलं होतं. म्हणून बहिणीची आठवण. तिने खेळ उघडला. डोंगर काळा कुळकुळीत, आणि त्यावर मुठीएवढी माणकं लागलेली, झाडाला वांगी लागावीत तशी.

"हा दगड कुठचा, भाऊ?"

"दरेकशाचाच. खुद जाऊन फोटो काढून आनलो."

"टेशनावर उतरून, रुळाजवळून?"

"मंग? टेशन का रायपूरचं आहे?"

"ही रुळाखालची गिट्टी आहे. मालगाडीनं बाहेरून आलेली. दरेकशाचा डोंगर तांबूस आहे, जुन्या लाव्हाचा."

"इथं येऊन पडली ना? मंग इथचीच झाली. सून नाही होत का घरची?"

"होते. पन सुनेचं नाक पाहून सासूचं खानदान नाही सांगत कोनी."

खुमेंद्र हसला, पण हटला नाही. त्याने त्या लाव्हात कोळशाचे थरही भरले होते. कोळसा दलदलीत गाडलेल्या झाडांचा होतो, लाव्हात नाही, हे तिने समजावलं. स्वतः डोंगर चढून तांबूस खडकाचे, त्यातल्या गारगोटीच्या पांढऱ्या शिरांचे फोटो आणून दिले.

"लाल दगड आन् पांढरी रेघ," तो म्हणाला. "याच्यावर कोन बोट घासन? तू फक्त हो म्हन ना, बाई. कोन तपासते?"

"मलेच तर तपासाले बोलावलास."

खेळ दाखवायच्या दिवशी गोंदियाच्या ऑफिसात गुलाबचंद इस्त्रीचा दुपट्टा घालून पहिल्या रांगेत बसला. मुलीचं नाव मोबाईलमध्ये येणार, हे त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. खेळ घेणारे नागपूरचे घनश्यामजी पान चघळत होते. खुमेंद्र म्हणाला, "ये हमारी जियोलॉजिस्ट. सब पत्थर असली है, इन्होंने चेक किया है."

"चेक किया है, इसीलिए बोल रही हूँ," भूमेश्वरी उठून म्हणाली. "असली नहीं है. पहाड़ पर रेलवे की गिट्टी चिपकाई है."

घनश्यामजी मनापासून हसले. "बेटा, माणिक असली होता तो मैं गेम क्यों खरीदता?"

"गेम खरीदिए. मेरा नाम उसके साथ नहीं बिकेगा."

परतीच्या बसमध्ये देवरी आल्यावर गुलाबचंदने दुपट्टा काढून त्याची घडी घातली. मग म्हणाला, "दोन शब्द बोलाचे होते. कालेजात तेवढेही नाही शिकवले?"

"ते दोन सोडून सगळं शिकवलं, बाबा."

खेळ विकला गेला, गिट्टीसकट, माणकांसकट, भूमेश्वरीच्या नावावाचून. खुमेंद्रला भाव जरा कमी मिळाला; ती तूट त्याने बहिणीच्या जिभेच्या खात्यावर मांडली आणि खुर्चीवर दुसऱ्याला बसवलं. घनश्यामजींचं काही गेलं नाही, खेळणाऱ्या पोरांचंही नाही. गुलाबचंदची गावातली शान तेवढी उतरली. बाकीचं सगळं भूमेश्वरीने भरलं, आणि कुणाकडे सूट मागितली नाही.