वहीसकट टेबल

वकीलबाई समान हक्क खात्यात नोकरीला. पगार सरकारचा आणि खटले सरकारी कचेऱ्यांवरच. "ज्या फांदीवर बसायचं तिच्यावरच कुऱ्हाड!" असं त्यांची जाऊ सगळ्यांदेखत म्हणायची. बावीस वर्षांत फांदी तुटली नव्हती, पण बढतीही मिळाली नव्हती.

त्या दिवशी पावणेपाचला शिपाई धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आला.

"बाई, खाली एक शिंपीणबाई आल्यात, चाकाच्या खुर्चीतून. सरकारी गणवेशाच्या कारखान्यात परीक्षेत पहिल्या आल्या, पण खुर्ची बघून त्यांना घरी पाठवलं. हा त्यांना मिळालेला नकाराचा कागद."

"मग आणा की वर."

"कसं आणू? लिफ्ट वर्षभर आजारी रजेवर आहे."

वकीलबाईंनी कागदावरची तारीख पाहिली. तक्रारीची नव्वद दिवसांची मुदत आज पाचला संपत होती. तोवर नोंदवहीत शिंपीणबाईंची सही झाली नाही, तर त्यांची नोकरी कायमची गेली.

त्यांनी वहीला हात घातला, तोच साहेब आडवे आले.

"वही टेबलावरून हलवायची नाही. नियम आहे."

नियम साहेबांनीच काढला होता. मागे एकदा वही तीन दिवस हरवली आणि कॅन्टीनमध्ये गरम किटलीखाली सापडली, तेव्हापासून.

"साहेब, त्या बाई पायऱ्या कशा चढतील?"

"ते नियमात नाही."

बाई कधी आवाज चढवत नसत. आताही नाही चढवला. "बरं," म्हणाल्या, आणि पदर खोचला. "दादा, टेबलाची ती बाजू धरा. वही राहू द्या वरच."

टेबलाबद्दल मात्र साहेबांचा नियमच नव्हता.

शिपाई, दोन टायपिस्ट आणि बाई. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेबल भिंतीत अडकलं, तिरकं झालं, आणि वही घसरू लागली.

"वही! वही सुटतेय!" साहेब ओरडत धावले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ती टेबलावर दाबून धरली. मग सोडणार कशी? उलट्या पावलांनी तसेच उतरत आले, नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरल्यासारखे.

खाली पोचले तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती.

"अगंबाई, मी नुसती सही करायला आले होते," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बिऱ्हाडच हलवलंत की!"

सही झाली. शिक्का साहेबांच्या खिशातच होता, तोही उमटला.

"चला, उचला आता," साहेब म्हणाले.

शिपायानं कंबर धरली. टायपिस्ट पायरीवर बसले होते, ते उठलेच नाहीत.

टेबल खालीच राहिलं, म्हणून वही राहिली, आणि वहीवर लक्ष ठेवायला साहेबही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा तक्रारी झाल्या. काठी टेकत आलेले मास्तर, पोटुशी परिचारिका, डोळ्यांनी अधू असलेला घड्याळजी.

साहेबांनी घाम पुसला. "बाई, इतके दिवस ही माणसं होती कुठे?"

"इथूनच परत जात होती, साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "जरा सरका, पुढच्यांची खुर्ची येतेय."