महिपत महाराजांच्या दोन डब्या

नवघर गावात पाप लपत नाही, देवी ते चोवीस तासांत वर काढते, असं महिपत महाराजांनी जाहीर केलं. देवीला त्यासाठी कॅमेऱ्याच्या रोलच्या दोन काळ्या डब्या लागत. प्रत्येक डबीत एक किडा; संशयिताने तो मुठीत दाबायचा, पापी असेल तर सकाळपर्यंत हाताला फोड.

भेंडीचा मळा लावणाऱ्या शांताबाईंची सोन्याची माळ गेली होती. संशय दोघांवर: सून दुर्गा आणि भाचा शशिकांत. महाराजांना रिक्षाने आणलं ते शशिकांतनेच. अंगणात बिल्डिंगवाल्यांसकट शंभरेक माणसं जमली. शेजारच्या अनसूयाबाई शाळेत विज्ञान शिकवत. त्या दुर्गेला खेटून उभ्या राहिल्या. सकाळी पोरीच्या हाताला फोड आले, तर तिला घराबाहेर काढायचं ठरलं होतं.

शशिकांतने पहिल्या डबीतला किडा मुठीत धरला. फट! जरासा धूर निघाला, तळव्यावर तपकिरी डाग उमटला.

"देवीने टिळा लावला! निर्दोष!" महाराज गरजले. "अब बहू का नंबर. मूठ घट्ट, आरती संपेपर्यंत."

"महाराज," अनसूयाबाई म्हणाल्या, "त्याला दुसरी डबी दिली असती तर?"

"डबी देवी ठरवते, मॅडम."

"बघू तरी." बाईंनी दुसऱ्या डबीचं झाकण काढलं. काळा किडा, पाठीवर नारिंगी पट्टे.

शांताबाई वाकल्या. "अगो बाय, ह्यो तर आमच्या भेंडीच्या फुलांवरचा! ह्याला हात न्हाय लावत आमी. चिरडला की दुसऱ्या दिशी फोड!"

"आणि पहिला बांधावरच्या दगडाखालचा," अनसूयाबाई म्हणाल्या. "दाबला की मागून गरम फवारा मारतो. डाग आठवड्यात जातो. दोघंही आपला जीव वाचवतायत. एकाचं लगेच कळतं, दुसऱ्याचं सकाळी."

"कीडा नहीं, देवी का दूत है!" महाराज म्हणाले. "पाप्यालाच फोड येतात."

"मग तुम्हीच धरा. तुम्ही तर निष्पाप."

"हां महाराज, धरा ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

शंभर माणसांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी दुसऱ्या डबीतला किडा घेऊन मूठ वळली. लोकांनी आरती सगळ्या कडव्यांसकट म्हटली. एरवी दोनच म्हणतात.

मळ्यात रोज दिसणारा किडा डबीत गेला म्हणून देवीचा होत नाही, आणि चोर शोधायला पोलीस चौकी आहे. शांताबाई सुनेला घेऊन तिकडेच गेल्या. माळ अजून मिळालेली नाही. दुर्गा घरीच आहे.

महाराज दुसऱ्या सकाळी सरकारी दवाखान्याच्या रांगेत होते. बोटांच्या बेचक्यांत चार फोड. डॉक्टरांनी केसपेपरवर कारण लिहिलं: किडा.