मिथुनचं पान

रानशेतचा मिथुन गुजरातकडे बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि २०१६च्या गणपतीत त्याचा फोन बंद झाला. बोटवाला म्हणाला, "बंदरात उतरला, तो परत आलाच नाही." पोलिसांत तक्रार दिली, पण तपास पुढे सरकला नाही.

त्याची बहीण शितल वाणगावला कॉम्प्युटर क्लासला जायची. तिथल्या नविनसरांनी वर्डमध्ये एक अ‍ॅड-इन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्राम, बसवून दिला होता. मजकूर लिहायचा, फोटो लावायचा, एक बटण दाबलं की वेबपेज तयार. दुसरं दाबलं की ते ब्राउझरमध्ये उघडायचं. शितलने मिथुनचं पान केलं. वर चुलतभावाच्या लग्नातला हसरा फोटो, खाली वय, उंची, मनगटावरची भाजल्याची खूण आणि स्वतःचा मोबाइल नंबर.

बाजाराच्या दिवशी तिने आईला, नवशीला, क्लासमध्ये नेऊन ते दाखवलं.

"हा आता सगल्यांना दिसतो?" स्क्रीनवरच्या गालाला बोट लावत नवशीने विचारलं.

"सगळ्यांना, आये. गुजरातलापण."

तेव्हापासून शितलचा फोन नवशी उशाशी घेऊन झोपू लागली.

दिवाळी गेली, भात झोडून झालं. ते पान पाहून केलेला एकही फोन आला नाही. एकदा शितल पान उघडून बसली असताना नविनसर मागे येऊन उभे राहिले.

"छान झालंय. अपलोड कधी करणार?"

"दिसतंय ना, सर."

"इथे दिसतंय. वरचा पत्ता बघ, सी ड्राइव्हचा आहे. हे या कॉम्प्युटरच्या बाहेर गेलेलंच नाही गं."

सरांनी तिथेच बसून पान इंटरनेटवर चढवलं, मजकूर गुजरातीतही घातला, तिकडच्या ओळखीच्यांना लिंक पाठवली.

आठवडाभरात फोन आला. तिकडच्या एका दवाखान्यातल्या बाई होत्या. खूण जुळत होती. गाडीने उडवलेला तो मुलगा बरेच दिवस वॉर्डात होता. त्याला नाव-गाव सांगता येत नव्हतं. दिवाळीनंतर तो गेला. कोणी आलं नाही म्हणून तिथल्याच माणसांनी अग्नी दिला.

शितलने घरी येऊन सगळं सांगितलं. पान बाहेर गेलंच नव्हतं, तेही सांगितलं.

"तो होता, आये. मी नीट टाकलं असतं तर आपण पोचलो असतो."

नवशी म्हणाली, "त्याला पाणी कोण पाजत होतं, इचारलंस?"

शितलने विचारलं नव्हतं. तिने परत नंबर लावला.

"इथल्या एक मावशी भरवायच्या त्याला," बाई म्हणाल्या. "समोरच आहेत, देऊ?"

नवशीने फोन कानाला लावला. पलीकडून "बोलो बेन" असा थकलेला आवाज आला. नवशीने तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदकाच बाहेर आला, आणि मग तो थांबेना.

पलीकडच्या मावशींनी फोन ठेवला नाही.