झाडाला खाली फांद्या नव्हत्या

ताक सांडलं. एवढंच झालं होतं. आठ वर्षांच्या ट्रेसीच्या कोपराचा धक्का लागला, मक्याच्या पावाशेजारचा पेला कलंडला आणि पांढरा ओघळ टेबलाच्या कडेवरून डॉइलच्या मांडीवर ठिबकला. कुठल्या घरात हे होत नाही?

डॉइल ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. त्याने शांतपणे मांडी पुसली, दाराकडे हनुवटी केली आणि म्हणाला, "जा."

ट्रेसी उठली आणि अंगणात गेली.

अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या त्या सूतगिरणीच्या वस्तीत पोरांना मारायला कोणी काठी बाळगत नसे. ज्याची चूक त्यानेच अंगणात जायचं, आपल्या हाताने झाडाचा ओला फोक तोडायचा, पानं ओरबाडून काढायची आणि आणून द्यायचा. बारीक आणला तर पुन्हा पाठवणी, आणि मग मार दुप्पट. ट्रेसीच्या आजोबांनी हेच केलं, पणजोबांनीही. लोक म्हणत, बघा, आमच्याकडे रागाच्या भरात कोणी मारत नाही. पोराला विचार करायला वेळ मिळतो!

ट्रेसीची आई नेल्डा भांडी घासत होती. तिने नळ मोठा सोडला. असं झालं की ती नळ मोठा सोडायची. डॉइल तिचा दुसरा नवरा. पहिला, ट्रेसीचा बाप, सुताच्या धुळीने छाती भरून गेला. डॉइल पीत नव्हता, जुगार खेळत नव्हता, रविवारी चर्चमध्ये सगळ्यात वरच्या आवाजात भजनं म्हणायचा. लाकडाच्या वखारीतून त्याला काढून टाकल्यापासून त्याची शिस्त मात्र वाढली होती. बाहेर कोणी ऐकत नसलं की माणसाला घरात ऐकवायची हौस येते.

खिडकीतून नेल्डाला अंगण दिसत होतं. ट्रेसीने विहिरीजवळची बादली उचलली, पीचच्या झाडाखाली नेऊन पालथी घातली आणि तिच्यावर चढली.

बादली कशाला?

आणि मग नेल्डाने ते झाड पाहिलं. रोज पाहत होती, आज दिसलं. वर पानांचा हिरवागार गुंता. खाली, पोराचा हात पोचेल तिथपर्यंत, एक डहाळी नाही. नुसत्या गाठी. इतके दिवस तिला वाटायचं, शेजाऱ्यांच्या बकऱ्या येऊन खातात.

तिने नळ आणखी मोठा केला, भांडी उरकली आणि गिरणीत निघून गेली.

त्या दिवशी गिरणीत तिचं सूत सारखं तुटत होतं. यंत्रांच्या पट्ट्यांचा तो सूं सूं आवाज. पंधराव्या वर्षापासून ती तो ऐकत होती, पण आज त्यात फोकाचा आवाज मिसळला होता. संध्याकाळी घरी येताना कातरवेळेला तिला झाडाखाली एक पोर उभी दिसली. पाठमोरी, निळ्या फुलांचा झगा. धान्याच्या पोत्याच्या कापडाचा.

"ट्रेसी, आत चल गं, डास चावतील!"

"मी आतच आहे, आई," घरातून आवाज आला.

नेल्डाने पुन्हा झाडाकडे पाहिलं. निळ्या फुलांचा तो झगा ट्रेसीचा नव्हता. तो नेल्डाचा होता. ती आठ वर्षांची असताना.

जेवताना तिने विषय काढून पाहिला. "डॉइल, जरा कमी... लहान आहे ती."

"तुझ्या बापाने तुला असंच वाढवलं ना? मग वाया गेलीस का तू?"

"नाही," नेल्डा म्हणाली. आणि उठून नळ सोडायला गेली.

मे महिन्यातल्या एका रविवारी चर्चचा 'घरी परतण्याचा' दिवस असे. बाहेरगावी गेलेली माणसं परत येत, आपापल्या माणसांची थडगी साफ करत, फुलं ठेवत, मग ओकच्या सावलीत लांबच लांब टेबलं मांडून सगळा गाव जेवे. तळलेली कोंबडी, चवळी, केळ्याचं पुडिंग, बर्फ घातलेला गोड चहा.

"बर्ल, तुझ्या ताटात कोंबडी आहे की अख्खं खुराडं?" ऑलिव्हकाकूंनी नेल्डाच्या भावाला टोमणा हाणला. ऑलिव्हकाकू म्हणजे गावची सुईण. तिथे जेवत असलेल्या निम्म्या लोकांना त्यांनीच जगात आणलं होतं, त्यामुळे त्या कोणाचीच भीड ठेवत नसत.

"तुमच्याच हातची आहे काकू, म्हणून चार तंगड्या घेतल्या," बर्ल म्हणाला, आणि हशा पिकला.

ऑलिव्हकाकूंचं पुडिंग काचेच्या जुन्या भांड्यात होतं. ते टेबलापर्यंत नेण्याचं काम ट्रेसीकडे आलं होतं. तिचा पाय मुळाला अडखळला. खळ्ळ!

"अगं अगं! लागलं का?" काकू म्हणाल्या. "जाऊ दे, भांडंच ते."

ट्रेसी रडली नाही. तिने हात फ्रॉकला पुसले आणि थडग्यांच्या कडेला असलेल्या झुडपांकडे चालू लागली. लोकांना वाटलं, झाडू आणायला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक ओला फोक होता. पानं नीट काढलेली. तिने तो दोन्ही हातांनी ऑलिव्हकाकूंपुढे धरला.

"घ्या काकू. पुरेसा जाड आहे. मला परत पाठवावं लागणार नाही."

टेबलावरचे चमचे थांबले.

मग कोणीतरी म्हणालं, "काय वळण लावलंय हो पोरीला!" दोघी-तिघींनी माना डोलावल्या. हो, डोलावल्या! डॉइलची छाती फुगली. "घरात शिस्त असली की पोरं अशी होतात," तो म्हणाला.

ऑलिव्हकाकूंनी फोक घेतला नाही. त्यांनी समोरच्या ताटाकडे बोट केलं. "शिस्त? अरे मेल्या, ही कोंबडीसुद्धा स्वतःची सुरी आणून देत नाही!"

"काकू, ही घरातली बाब आहे," पाद्री हळूच म्हणाले.

"घरातली? मग ती माझ्यापर्यंत चालत कशी आली?" काकूंचा आवाज चढला. "डॉइल, तू हिला मारतोस हे पाप आहेच. पण त्याहून मोठं पाप ऐक. तू हिला पटवलंस की हा मार तिचाच आहे! तिने निवडला, तिने तोडला, तिने आणून दिला. आता ती कुणाकडे तक्रार करणार? आपणच आणलेल्या गोष्टीबद्दल? असं गप्प करतो आपण पोरांना. मी इथल्या कित्येकांना जन्माला येताना रडवलंय, नाही रडली तर उलटी धरून रडवलंय. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून एक पोर अशी घडवलीत, जी रडायचंच विसरली!"

डॉइल उठला. त्याचा आवाज अजूनही शांत होता. "नेल्डा, पोरीला घे. घरी चल."

सगळे नेल्डाकडे बघत होते. घर गिरणीचं होतं, नेल्डाच्या नोकरीवर मिळालेलं. पगार तिचाच होता. डॉइल गेला तर उपाशी मरायची वेळ येणार नव्हती. तिला भीती होती ती वेगळीच. एक नवरा पुरला, दुसरा हाकलला, लोक काय म्हणतील? एवढ्याचसाठी! एवढ्याशा गोष्टीसाठी तिने इतके दिवस नळ मोठा सोडला होता!

तिने ट्रेसीचा हात धरला. तो थंडगार होता. फोक अजून घट्ट धरलेला. पलीकडे थडग्यांमध्ये, नेल्डाच्या बापाच्या थडग्याजवळ, निळ्या फुलांच्या झग्यातली पोर उभी होती. आज ती पाठमोरी नव्हती. ती नेल्डाकडे बघत होती, आणि तिच्याही हातात फोक होता.

नेल्डा खाली बसली. मे महिन्याच्या त्या उकाड्यात ट्रेसीच्या पायात जाड लोकरीचे मोजे होते. नेल्डाने ते खाली ओढले.

पायांवर काय होतं ते इथे लिहीत नाही. तिथल्या एकालाही विचारावं लागलं नाही. सगळ्यांना ते ओळखू आलं, आणि किती तरी मोठ्या माणसांचे हात नकळत आपापल्या पोटऱ्यांकडे गेले.

"मी झाकलं हे!" नेल्डा ओरडली. "दर रविवारी हे मोजे मी चढवले! मी!"

बर्ल बाह्या सरसावत उठला. "चल डॉइल, चर्चच्या मागे."

"बस खाली!" काकू कडाडल्या. "पुन्हा मारामारीच? तुझ्या बापालाही तुझ्या काकांनी मागे नेऊन बडवलं होतं. घरी येऊन त्याने तो राग कुणावर काढला, आठवतंय?"

बर्लला आठवत होतं. तो मटकन बसला.

"शेरीफकडे जा," काकू म्हणाल्या.

आता मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागले. आपल्या माणसाला कायद्याच्या हाती द्यायचं? त्या वस्तीत माणसं एकमेकांचे दात पाडत, पण शेरीफच्या, म्हणजे पोलिसाच्या, दारात कोणी पाय ठेवत नसे.

"मी जाते," नेल्डा म्हणाली.

ती बर्लच्या ट्रकमध्ये चढली, ट्रेसीला मांडीवर घेऊन. मागे ऑलिव्हकाकू चढल्या. मग, मान डोलावणाऱ्यांतली एक बाई आली. मग आणखी एक. शेरीफने तोंड वाकडं केलं, घरातलं घरात मिटवा म्हणाला. पण ट्रकभर बायका हलायला तयार नव्हत्या. शेवटी त्याला टोपी उचलून डॉइलला पकडायला निघावं लागलं. डॉइलला तुरुंगाची हवा खावी लागली ती थोडीच. पण नेल्डाच्या घराचं दार त्याला पुन्हा उघडलं नाही.

सोमवारी नेल्डा कामावर गेली नाही. तिने कुऱ्हाड घेतली आणि पीचचं झाड पाडलं. त्यावर कच्ची फळं होती. तिला हात आवरता आला नाही, ती रडत होती आणि तोडत होती.

झाड गेलं, पण त्याखालची पोर गेली नाही. पुढे कित्येक संध्याकाळी नेल्डाला ती बुंध्यापाशी दिसे. अशा गोष्टी कुऱ्हाडीने जात नाहीत.

आणि एका सकाळी ट्रेसीच्या हातून दूध सांडलं. नेल्डा काही बोलण्याआधीच ती उठून अंगणात गेली. नेल्डाने नळ बंद केला आणि मागोमाग गेली. ट्रेसी बुंध्याजवळ रिकाम्या हातांनी उभी होती. कुठे बघावं ते तिला कळत नव्हतं.

"आई, इथे काहीच नाही गं."

"नाहीच आहे, राणी. आता कधीच नसणार. चल, दुसरं दूध ओतते."

ट्रेसीने तिच्याकडे बघितलं. मग ती रडली. मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी. नेल्डाने तिला गप्प केलं नाही.

वाचकहो, तुमच्या अंगणात पीचचं झाड नसेल. पण दारामागे पट्टी असेल, खुंटीवर पट्टा असेल, आणि "आम्हीही मार खाऊनच मोठे झालो" हे वाक्य तर घरोघरी असेल. ते वाक्य म्हणताना एकदा स्वतःच्या पोटरीवर हात ठेवून बघा! मुकाट मार खाणारं पोर गुणी नसतं, एकटं पडलेलं असतं. आणि शेजारच्या घरात नळ उगाच मोठा सुटलेला ऐकू आला, तर ती त्यांच्या घरातली बाब नाही. उठा. जाऊन दार वाजवा!