बरणीत भाजलेले केक

सकाळची प्रार्थना आटोपून मी खाली आले, तेव्हा आमच्या जाम करायच्या खोलीत केकचा वास भरला होता. माझ्या मोठ्या जाऊबाई पदर खोचून ओव्हनपुढे उभ्या होत्या. मी त्यांना ताई म्हणते. टेबलावर जामच्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येकीत केक गळ्यापर्यंत फुगून आलेला. पीठ बरणीत ओतायचं, बरणीतच भाजायचं आणि गरम असतानाच झाकण आवळायचं, अशी ताईंची युक्ती.

"ऐक," त्या म्हणाल्या. एक झाकण टक करून आत ओढलं गेलं. "बसलं! आता कितीही महिने बघायला नको."

आमचं घर जामवर उभं आहे. सासूबाईंनी आम्हा दोघींना एकच धडा घोटून दिला होता: झाकण बसलं की माल पक्का. तो टक आवाज कानांवर पडल्याशिवाय ताईंच्या घशाखाली घास उतरत नाही.

केक चालले होते त्यांच्या लेकीकडे, चिमणीकडे. तिला दिवस गेलेले, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायला मनाई केलेली, नवरा बोटीवर आणि खोलीत फ्रिज नाही. रोज एक बरणी उघडेल, आईच्या हातचं खाईल, असा ताईंचा बेत. माल नेणारा टेम्पोवाला दारात येऊन भोंगा वाजवत होता. त्याला सगळे घाईभाऊच म्हणतात.

मी एक बरणी उचलली. काच अजून चटका देत होती.

"ताई, हे पाठवू नका."

"काय पुटपुटतेस, मऊबाई?" माझ्या हळू बोलण्यावरून ताईंनी मला दिलेलं हे नाव.

"पाठवू नका म्हणते. जामला चालतं ते केकला चालत नाही."

"अगं, झाकण बसलंय की!"

"तेच तर वाईट झालंय. जाम आंबट असतो, साखरेनं गच्च असतो, त्यात जंतूंची डाळ शिजत नाही. केक ओलसर, त्यात आंबटपणा नाही. एका जातीच्या जंतूचं बीज ओव्हनमध्ये मरत नाही, केकच्या पोटात तेवढी धग पोचतच नाही. आणि त्याला हवा नकोच असते. तुम्ही हवा काढून त्याला घर झाडूनपुसून दिलंत. आत बसून तो विष तयार करील."

"आंबलं तर वास येईलच ना? माझ्या लेकीचं नाक माझंच आहे."

"याला वास येईलच असं नाही, आणि दिसणारही नाही काही. नाकाचा उपयोग नाही, ताई."

"वहिनी, देव थांबेल, पण माझी फेरी थांबायची नाही!" दारातून घाईभाऊ ओरडला.

"एवढं कुणी शिकवलं तुला?" ताईंनी कंबरेवर हात ठेवले.

"जाम विकायच्या परवान्यासाठी वर्ग झाला ना, तिथे. तुम्हीही होतात. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून."

घाईभाऊ खो खो हसला. ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हसू त्यानं अर्ध्यावरच गिळलं.

"दुकानातून बरणीतला केक विकतात ते काय मूर्ख आहेत?"

"ते साध्या भांड्यात भाजतात, पूर्ण गार करतात, मग स्वच्छ बरणीत भरतात. फ्रिजमध्ये ठेवतात नि चार दिवसांत संपवतात. आणि ही बघा." ओव्हनच्या कोपऱ्यातली बरणी मी उजेडात धरली. तळाशी केसाएवढी चीर गेली होती. "या बरण्या पाण्यात उकळायच्या, कोरड्या धगीच्या नव्हेत. काचेचा कण लेकीच्या पोटात गेला असता तर?"

ताईंनी चिरेवरून नख फिरवलं, आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"मग मी काय पाठवू गं? पोर एकटी पडलीय. दुकान टाकून जाता येत नाही, म्हणून हा खटाटोप. निदान बरणीतून तरी रोज तिच्याजवळ बसेन म्हटलं."

"दुकान मी बघते. तुम्ही जा."

"तू? ऐन मोसमात? फळवाला तुला चुना लावील आणि तू त्यालाच चहा पाजशील."

"गेल्या खेपेला नासकी फळं त्यानं परत नेली ना?"

"नेली. त्याची त्यालाच लाज वाटली असेल."

"त्याला कसली लाज? मी न्यायला लावली. चहा पाजूनच."

ताई उठल्या आणि एकेक झाकण उचकटायला लागल्या. आजचे केक आज खाता आले असते, पण चीर पाहिल्यावर त्यांचं मन एकाही बरणीवर बसेना. सगळे कचऱ्यात गेले. तेवढ्यात मी त्यांच्या पिशवीत दोन साड्या, पिठाची पुडी आणि केकचं पत्र्याचं भांडं भरलं.

"फळवाल्याला उधारी—"

"नाही देणार."

"पाक जास्त आटवू—"

"नाही आटवणार. चढा."

त्या घाईभाऊच्या शेजारी चढून बसल्या आणि मी चिमणीला स्पीकरवर फोन लावला.

"केक निघाले का, काकू?"

"केक येत नाहीत गं. भाजणारीच येतेय. तिथे ओव्हन आहे ना?"

"शेजारच्या मावशींकडे आहे."

टेम्पोतून ताईंचा आवाज आला, "त्या मावशींना म्हणावं, बाळंतपण होईपर्यंत तो ओव्हन माझा!"